रांगेतली खोटी पोफळ

"यातली खोटी कुठली, सांग बघू," तात्या म्हणाले.

ते पाठीमागे हात बांधून उभे होते आणि शाळेतल्या पोरांना कोडं घालावं तसं हसत होते. मी आले होते विऱ्या गोळा करायला. पोफळीची झावळी गळते ना, तिचा तो रुंद देठ म्हणजे विरी. चुलीला बरी पडते. मी भारा खाली टाकला, कमरेवर हात ठेवले आणि समोरच्या रांगेकडे नीट पाहिलं. पोफळीच पोफळी. सरळसोट, राखाडी, अंगावर वळी, वर हिरवे शेंडे. त्यातली एक लोखंडाची होती. उभी करताना मी पाहिली होती, तरी रंगल्यावर कुठली ते कळेना.

"ही," मी एकीकडे बोट केलं.

तात्यांनी टाळी वाजवली. धोतर सावरत पुढे गेले आणि तिच्या शेजारच्या पोफळीवर बोटाचं पेर आपटलं. ठण्ण आवाज आला.

"अगं बाई!" मी ओरडलेच.

जवळ जाऊन हात लावला तेव्हा कुठे खरं वाटलं. गार लोखंड होतं. पण काय रंगवलं होतं! प्रत्येक वळ्याची कड जराशी वाकडी, एका अंगाला शेवाळाची झाक, मध्येच पांढुरके डाग. कधीतरी कुणी कोयता मारून पाहावा तशी एक खूणसुद्धा काढली होती. वर शेंड्याला कापडाची पानं होती आणि ती आजूबाजूच्या खऱ्या पानांत मिसळून गेली होती.

"हिराजीला यातलं काही सांगायचं नाही हं," तात्या म्हणाले. "तो बोटीवरून आला की त्याला मी इथंच उभा करणार आणि हेच विचारणार. जन्म पोफळीवर गेलाय त्याचा. बघू, ओळखतो का!"

"नाय सांगनार," मी म्हटलं आणि मलाही हसू आलं. नवऱ्याची फजिती पाहायला कुठल्या बाईला आवडत नाही?

हिराजी म्हणजे माझा नवरा. त्या काळी आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, पण गोष्ट सांगायची तर आता घ्यावंच लागेल. नारळी पौर्णिमा झाली की तो मच्छीमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचा आणि सुपारी पिकायला लागली की परत यायचा. मग थंडीभर गावातल्या वाड्यांमधली सुपारी उतरवायची. त्याच्यासारखा उतरवणारा आमच्या किनाऱ्याला दुसरा नव्हता. हे मी बायको म्हणून सांगत नाही, सगळे म्हणायचे.

तात्या पोंक्षे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. गावच्या उत्सवातल्या नाटकाचे पडदे तेच रंगवायचे. त्यांचा जंगलाचा पडदा असा होता, की प्रयोगाला शेजारच्या गावची माणसं नटांपेक्षा पडदाच बघायला यायची. त्यांच्या घरी माझं रोजचं काम असायचं. वाडी झाडायची, सुपारी वाळवायची, सोलायची. काकू, म्हणजे त्यांची बायको, मला पोटच्या मुलीसारखं वागवायच्या असं म्हणणार नाही, पण चहा कधी कमी पडू दिला नाही.

आता ती लोखंडाची पोफळ आली कुठून, ते सांगते. त्यांच्या मुंबईच्या मुलाने टीव्ही पाठवला. गावातला पहिलाच. काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, सगळी आळी जमली, बटण दाबलं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. आमचं गाव डोंगराच्या कुशीत, मुंबईची चित्रं डोंगर ओलांडून खाली उतरायलाच तयार नाहीत. कौलांवर अँटेना लावून पाहिली, आंब्यावर बांधून पाहिली. शेवटी तालुक्याचा रेडिओ दुरुस्तीवाला म्हणाला, पोफळीच्या शेंड्याइतकं उंच जायला हवं.

तात्यांनी बोअरिंगला घालतात तसले जाड लोखंडी पाइप आणले, एकावर एक जोडून घेतले. वाडीत एक पोफळ मरून रांगेत खिंडार पडलं होतं, तिथं खड्डा खणून काँक्रीट ओतलं. पाइप उभा करायला अर्धं गाव दोरखंड घेऊन आलं होतं. वर अँटेना, तीन बाजूंना तारेचे ताण. त्या दिवशी संध्याकाळी काकूंच्या ओटीवर आम्ही बाया दाटीवाटीने बसलो आणि बातम्या सांगणारी बाई स्वच्छ दिसली. काकूंनी तिला नमस्कारच केला. गावाने त्या पाइपाला नाव ठेवलं, तात्यांचा मनोरा.

पण पलीकडची वाडी बाळकोबांची. बाळकोबा पोंक्षे म्हणजे तात्यांचे चुलतभाऊ. दोन वाड्यांमध्ये गुडघाभर उंचीचा एक दगडी बांध, तेवढाच काय तो आडोसा. बाळकोबांनी बांधावर उभं राहून तोंड सोडलं. "आजोबांनी हाताने लावलेल्या वाडीत हा सोटा उभा केलास? चित्रकार म्हणवतोस आणि इतकं ओंगळ दिसतंय ते तुला दिसत नाही?"

वीज पडेल, वाडी जळेल, असंही बरंच बोलले. त्याचं तात्यांना काही वाटलं नाही. ओंगळ हा शब्द मात्र मनाला लागला. दोन दिवस ते अंगणातून मनोऱ्याकडे बघत बसायचे आणि पुटपुटायचे. मग एके सकाळी बांबूंची परांची बांधून घेतली आणि स्वतः वर चढले. वय सत्तरीला टेकलेलं. काकू खालून ओरडतायत, "अहो, उतरा! कंबर मोडेल!" आणि हे पोफळीच्या सालीचा एक तुकडा डोळ्याशी धरून डब्यात रंग कालवतायत. ऑइलपेंटच हवा, पावसात टिकला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ताणाच्या तारांनाही त्यांनी हिरवा हात दिला आणि वरची पानं करायला तो जुना जंगलाचा पडदा कापला. काकू हळहळल्या, पण तात्या म्हणाले, "पेटीत कुजत पडण्यापेक्षा वाऱ्यावर हलेल."

काम संपल्यावर बाळकोबा बांधापर्यंत आले, बराच वेळ बघत राहिले आणि एक शब्द न बोलता घरात गेले. त्या दिवशी तात्या दोन घास जास्त जेवले, असं काकू म्हणाल्या.

हिराजी आला दिवाळीनंतर. संध्याकाळी उशिरा आला, जेवला आणि झोपला. सकाळी उजाडता उजाडता बाळकोबांचा निरोप आला, आमची सुपारी पिकून गळायला लागली आहे, आजच ये. तात्या नेमके त्या दिवशी पहिल्या एसटीने तालुक्याला गेले होते, टीव्हीचं काहीतरी आणायला. मी म्हटलं, ठीक आहे, आज बाळकोबांची वाडी, उद्या तात्यांची. तात्या उद्या काय ते कोडं घालतील.

सुपारी उतरवणारा माणूस कसा काम करतो, ते ठाऊक नसेल तर पुढचं कळायचं नाही. नारळावर माणूस चढतो, उतरतो, मग दुसऱ्यावर चढतो. पोफळीवर तसं नसतं. एका पोफळीवर चढायचं, घड कापून दोरीने खाली सोडायचा आणि मग शेंड्याशी बसून अंगाने झोके द्यायचे. पोफळ वाकते, आणखी वाकते, शेजारच्या पोफळीपाशी गेली की हिला सोडायचं आणि तिला धरायचं. असा माणूस रांगच्या रांग वरच्या वर पार करतो. हिराजी तर गाणं म्हणत करायचा. खाली उभं राहिलं तर फक्त पानं सळसळताना कळायचं, आता इथे आहे, आता तिथे गेला.

आणि वरून बांध दिसत नाही. वरून सगळी एकच वाडी.

मी बाळकोबांच्या बाजूला वाकून गळलेली सुपारी वेचत होते. वर हिराजी गात होता. गाणं पुढे पुढे सरकत गेलं तेव्हा मी मान वर केली. तो बांधाच्या पलीकडे पोचला होता. दरवर्षी तसाच जायचा, दोन्ही वाड्या त्याच्याकडेच असायच्या. मला एकदम आठवलं. मी "अवो!" म्हणून ओरडले, तोवर पोफळ वाकली होती.

त्याने त्या रंगवलेल्या पाइपाला मिठी मारली आणि पायाखालची पोफळ सोडली. ती सरळ होऊन मागे गेली. पोफळीच्या खरबरीत अंगावर पाय ठरतात, तेलाच्या रंगावर ते कसे ठरणार? त्यात सकाळचं दंव. हिराजी पाइपाला धरून घसरत आला, मध्येच तारेच्या ताणावर आपटला आणि तिथून बाजूला फेकला गेला. खाली पोफळीचं ओलं आळं होतं म्हणून जीव वाचला. कापडाची दोन पानं त्याच्या मागोमाग सावकाश खाली आली.

मी धावत गेले तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. तो म्हणाला, "तात्यांच्या पोफळीला काय रोग झाला गं? पार बुळबुळीत झालीय."

उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं. आम्ही बैलगाडीत विऱ्या अंथरून त्याला फाट्यावर नेला, तिथून टेंपोने तालुक्याच्या दवाखान्यात. तात्यांना बातमी स्टँडवरच कळली. ते दवाखान्यात आले तेव्हा हातात टीव्हीचं खोकं होतं. ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना. ते तसंच छातीशी धरून ते हिराजीच्या खाटेपाशी उभे राहिले.

"हिराजी," ते म्हणाले, "अरे, मी..."

"असूं दे तात्या," हिराजी कण्हत म्हणाला. "नशीब आपलं. तुमचा काय दोस?"

हेच मग सगळ्यांनी धरलं. डॉक्टर म्हणाले, अपघात आहे, होतात. काकू म्हणाल्या, प्राक्तन. इतके दिवस न बोलणारे बाळकोबासुद्धा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तात्या, मनाला लावून घेऊ नकोस. तू काय मुद्दाम केलंस?" तात्या प्रत्येक वेळी तोंड उघडायचे, "अरे, पण ऐक ना, मी..." आणि प्रत्येक वेळी समोरचा त्यांना थोपटून गप्प करायचा.

हिराजी पुन्हा पोफळीवर चढला नाही, हे आताच सांगून टाकते. त्याची आस आम्ही दवाखान्यातच सोडली होती. पुढचा सगळा झगडा होता तो त्याने जमिनीवर तरी चालावं म्हणून.

बरेच दिवस पाय टांगून ठेवल्यावर, मग प्लास्टरमध्ये घालून, त्याला घरी आणला. आणि दुसऱ्या दिवसापासून तात्या यायला लागले. सकाळी आम्ही चूल पेटवतोय तोवर हे दारात, हातात पेजेचा डबा. दिवसभर खाटेपाशी बसायचे. वारा घालायचे, पेपर वाचून दाखवायचे, पाठ पुसायचे. हिराजीने पाण्याकडे पाहिलं की तांब्या ओठाशी. पाय खाजवायला हात हलवला की हे आधीच खाजवतायत. दुपारी घरी जाऊन अंघोळ करून परत हजर. गावात सगळे म्हणायचे, माणूस असावा तर असा. सुरुवातीला मीही म्हणाले. घरात पुरुष निजलेला, मला कामाला जावं लागणार, मग कुणी बसलेलं बरंच.

प्लास्टर काढलं तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हाड जुळलंय. आता याने पाय टाकला पाहिजे. दुखेल, ओरडेल, पण रोज टाकला पाहिजे. पडून राहिला तर गुडघा धरेल, मग मी काही करू शकणार नाही."

मी घरी आल्यावर लगेच म्हटलं, चला, उठा. हिराजीने कोपर टेकलं, चेहरा वाकडा केला. तेवढ्यात तात्या धावले, त्याला काखेत धरला, म्हणाले, "नको, नको, आज नको. दुखतंय त्याला. उद्या बघू." हिराजी परत आडवा झाला.

उद्याही तेच. परवाही तेच. हिराजीने हूं केलं की तात्यांचे डोळे भरायचे आणि तात्यांचे डोळे भरले की हिराजी उशीवर डोकं टाकून म्हणायचा, "ऱ्हाऊं दे. बरा हाय मी असा." मी कामाला गेले की दोघं काय करत असतील, ते मला दिसायचंच. पायाची पोटरी काठीसारखी होत चालली होती. मी गरम पाण्याने शेकताना गुडघा वाकवायला बघायचे, तर तो गंजलेल्या बिजागरीसारखा अडायचा. मला धडकी भरायला लागली. आमच्यात पुरुषाने खाटेवर बसून राहायचं म्हणजे काय, ते मी माझ्या मामाच्या घरी पाहिलं होतं. माणूस आधी चिडका होतो, मग गप्प होतो, मग भिंतीकडे तोंड करतो.

एका दुपारी तात्या अंघोळीला गेले होते, तेव्हा मी मासे चिरता चिरता विचारलं, "उठत का नाय तुमी? खरं सांगा. लई दुखतंय?"

"दुखतंय. पन तेवढं नाय."

"मंग?"

हिराजी छपराकडे बघत राहिला. "उठलो आनि लंगडा निघालो, तर म्हातारा बघंल ना."

"बघूं दे की."

"तुला म्हाईत नाय गं. मी झोपलो असं वाटलं की पायावर हात ठेवून रडतो. मी लंगडताना बघितला तर मरंल तो. निजून हाय तवर कुनाला कळतंय, पाय गेला का ऱ्हायला?"

मी विळी थांबवली. एकजण दुसऱ्याला दुखू नये म्हणून उठू देत नव्हता आणि दुसरा पहिल्याला दुखू नये म्हणून उठत नव्हता. दोघंही सज्जन. आणि त्या दोघांच्या सज्जनपणात माझं घर बुडायला निघालं होतं.

त्यानंतर दोनतीन दिवसांनी काकूंनी मला मागच्या दारी बोलावलं. टीव्ही त्यांनी चादरीने झाकून ठेवला होता. हिराजी पडला त्या दिवसापासून लावलाच नव्हता. काकू वाळल्या होत्या. म्हणाल्या, "सुगंधा, हे जेवत नाहीत गं. ताटावर बसतात आणि भात चिवडत राहतात. रात्री उठून बसतात. मी सांगून थकले, तुमचा दोष नाही म्हणून. माझं ऐकत नाहीत. तू सांग. तू हिराजीची बायको. तू म्हणालीस, तात्या, तुमचा काही दोष नाही, तर ऐकतील."

"सांगते," मी म्हटलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्यांची खरंच कणव आली होती. वाटेने मी ते वाक्य मनात घोळवत आले. तात्या, तुमचा काही दोष नाही. सोपं तर होतं.

घरी आले तर तात्या खाटेच्या कडेला बसून हिराजीला चमच्याने पेज भरवत होते. धडधाकट हातांचा माणूस, कोयता चालवून चालवून मनगटं लोखंडाची झालेली, आणि तो लहान पोरासारखा आ करत होता. मी उंबऱ्यातच थांबले. मनातलं वाक्य तसंच घेऊन पुढे झाले.

"तात्या," मी म्हटलं, "तुमचा काय दोस..."

तात्यांनी मान वर केली. त्या नजरेत मी पाहिलं, की हे वाक्य त्यांना पाठ आहे. पुढचा शब्द काय येणार ते ठाऊक असलेल्या माणसासारखे ते दमून बसले होते. आणि मला पुढचा 'नाय' काही केल्या म्हणता येईना.

"तुमचाच हाय," माझ्या तोंडून गेलं.

"सुगंधे!" हिराजी ओरडला. "गप बस!"

"का गप बसू?" मला आता थांबवेना. "सगळे नशीब नशीब करत्यात. नशिबानं बुरूस धरला व्हता? रंग तुमी दिलात तात्या. लई झ्याक दिलात, मी सोता फसले. पन या मानसाला सांगायला नको व्हतं? मी आल्यावर सांगीन, गंमत करीन! त्याच्या जिवावर गंमत? आनि मी पन दात काढून हो म्हनले, तोंड शिवून बसले. माजी पन चूक हाय, ती मी मरंस्तवर इसरनार नाय. पन तुमची हाय. हाय, हाय, हाय!"

तात्यांच्या हातातला चमचा कलंडला. पेज धोतरावर सांडली. त्यांनी वाटी खाली ठेवली, चमचा तिच्याशेजारी ठेवला. मला वाटलं आता हे कोसळतील.

"हो," तात्या म्हणाले.

मग पुन्हा म्हणाले, "हो गं. माझी चूक आहे. मी त्या दिवसापासून हेच सांगायला बघतोय. कुणी वाक्य पुरं करू देत नाही." त्यांनी हिराजीकडे तोंड केलं. "हिराजी, तू ऐक. मी लाल चिंधी बांधली होती त्याला. वर, तुझ्या हाताच्या उंचीवर. परांची उतरवायच्या आधी बांधली होती, कुणी वर गेलं तर दिसावी म्हणून. मला सुचलं होतं रे. न सुचलेली गोष्ट नव्हती ती."

"मंग?" हिराजी म्हणाला.

"खाली येऊन पाहिलं. शोभेना. सगळं इतकं जमलेलं, आणि वर ते लाल फडकं. बाळकोबा बांधावरून बघणार होता." तात्यांचा आवाज अगदी साधा झाला होता. "मी परत वर चढलो आणि सोडून टाकली."

हिराजी कोपर टेकून वर सरकला.

"सोबंना म्हनून?" हिराजीने विचारलं.

"हो."

"सोबंना म्हनून सोडलीत?"

"हो, हिराजी."

हिराजीचा चेहरा मी आमच्या लग्नानंतर इतका लाल झालेला पाहिला नव्हता. बोटीवरच्या भांडणातही तो कधी आवाज चढवायचा नाही, असं त्याचे सोबती सांगायचे. त्याने अंगावरचं पांघरूण फेकलं. दोन्ही हातांनी तो मोडका पाय उचलला आणि खाटेखाली टाकला. "माजा पाय गेला," तो म्हणाला, "माज्या पोफळी गेल्या, आनि तुमी तितं खाली हुबं ऱ्हाऊन सोबा बगत व्हतात?"

तो उठायला लागला. चेहरा घामाने भिजला, दात आवळलेले. तात्या सवयीने धावले, दोन्ही हात पुढे. मी मध्ये गेले आणि त्यांचं मनगट धरलं. आजवर मी त्यांना कधी शिवले नव्हते. चहाची कपबशीसुद्धा मी खाली ठेवायची आणि ते उचलायचे. ते मनगट आता घट्ट धरलं.

"सोड सुगंधा! पडेल गं तो!"

"पडूं दे," मी म्हटलं.

हिराजीने खांबाला धरून अंग वर ओढलं. उभा राहिला. मग खांब सोडला. चांगला पाय पुढे, मग तो दुसरा, फरफटत, जमिनीवरची माती खरवडत. तोंडातून शिव्या चालू होत्या, खलाशांच्या, ज्या त्याने घरात कधी उच्चारल्या नव्हत्या. पुन्हा चांगला पाय, पुन्हा फरफट. तात्या मागे सरले नाहीत. हिराजी त्यांच्यासमोर आला आणि त्याने उजवा हात वर उचलला.

मी डोळे मिटले नाहीत. मी म्हटलं, मारायचं असेल तर मारू दे, तेवढा हक्क आहे त्याचा. तात्यांनीही मान झुकवली नाही. ते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

तेवढ्यात गुडघा गेला. उचललेला हात धपकन तात्यांच्या खांद्यावर पडला आणि हिराजीचं सगळं वजन त्या हातावर आलं. म्हातारा वाकला, पायाची बोटं मातीत रोवली आणि कसाबसा तग धरून उभा राहिला. मी त्यांचं मनगट सोडलं. दोघं धापा टाकत होते, दोघांची कपाळं एकमेकांना लागायची राहिली होती.

"हलूं नका," हिराजी म्हणाला.

"नाही हलत," तात्या म्हणाले.

मग हिराजीने दात आवळले आणि तो दुसरा पाय पुढे ओढला.